गाळून प्यायचं आणि सातशे फूट खणायचं?



या वेळी कैरीच्या लोणच्याचा लेख द्यायचा ठरवला होता. कैऱ्या आणूनही ठेवल्यात. पण गेले तीन आठवडे डोक्यात दुसरंच चाललंय, ते आधी लिहून टाकते. काहींना राग येईल. येऊ दे, आपल्या घरातल्याच आहात.

पक्खीचं प्रतिक्रमण आटोपून मी आसन गुंडाळत होते. तोंडावरची मुहपत्ती नुकतीच सोडली होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भाऊ, हातात वही. म्हणाले, "काकू, एक सही हवी. नवीन बोअरची. सातशे फूट जायचंय. फ्लॅटमागे नऊ हजार येतील." वहीत पाहिलं. चोवीस फ्लॅटपैकी एकोणीस सह्या झालेल्या, आणि त्यातल्या अकरा आपल्याच घरांच्या. काही जणी तर अर्ध्या तासापूर्वी स्थानकात माझ्याच शेजारी बसून प्रतिक्रमण करत होत्या. त्यांच्या घरून सही आधीच गेली होती, आणि त्यांना बहुतेक माहीतही नव्हतं.

आता त्या प्रतिक्रमणात आपण काय म्हटलं ते आठवा. सातव्या व्रताचे अतिचार, आणि त्यात पंधरा कर्मादानं. श्रावकाने जाणून घ्यावीत पण आचरू नयेत अशी पंधरा कामं. पाचवं फोडीकर्म, म्हणजे जमीन फोडण्याचं, खणण्याचं काम. चौदावं सरोवर, डोह, तलाव सुकवण्याचं. लहानपणापासून मी हे घडाघडा म्हणते. खरं सांगू, चौदाव्याशी कधी अडखळलेच नव्हते. तलाव सुकवायला आपण कुठे जातो? आपली दुकानं कापडाची, भुसाराची, औषधांची. ते पाप दुसऱ्या कुणाचं तरी, असं मनात धरून पुढे सरकायचं. त्या दिवशी वही समोर आली आणि चौदावं घरात येऊन उभं राहिलं.

तुम्ही म्हणाल, कर्मादान हे धंद्याचं आहे, घरच्या पाण्याचं नाही. बरोबर आहे. मी काही शास्त्राची पंडित नाही, बी.कॉम. झालेली बाई आहे. महासतीजींना विचारलं तर त्या जास्त नेमकं सांगतील. पण सहावं व्रत तर धंद्याचं नाही ना? दिशा परिमाण. वरची दिशा, खालची दिशा, तिरपी दिशा, या सगळ्यांची मर्यादा. तिरप्या दिशेची मर्यादा आपण उत्साहाने घेतो, भारताबाहेर जाणार नाही वगैरे, आणि मुलगा अमेरिकेत गेला की त्यात सूट ठेवतो. खालच्या दिशेची मर्यादा घेताना मात्र तळघर किंवा खाण यापलीकडे कुणी विचार करत नाही. व्रत आपल्या स्वतःच्या जाण्यायेण्याचं आहे हे मान्य. पण सातशे फूट खाली आपण नाही गेलो आणि आपली मोटार गेली, तर मर्यादा पाळली म्हणायची का?

सासूबाईंच्या वेळचं सांगते. त्यांच्या गावी वाड्यात आड होता. पाणी शेंदायचं, दुहेरी गाळण्यातून गाळायचं, आणि गाळण्यावर जे राहिलं त्याची जिवाणी परत त्याच आडात सोडायची. तीही वरून ओतायची नाही. भांडं दोरीने अलगद पाण्याला टेकवायचं आणि मग कलतं करायचं, का तर वरून आपटले तर जीव मरतील. मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं. दोरी हातात कापायची, मी मनातल्या मनात चरफडायचे. आज कळतंय की त्या रोज दोन वेळा पाण्याची पातळी डोळ्यांनी बघत होत्या. दोरीला गाठी होत्या. चैत्रात दोन गाठी जास्त लागल्या की घरात हुकूम सुटायचा, आजपासून अंगण सारवायचं नाही, धुणं एक दिवसाआड. कुणाची मीटिंग नाही, ठराव नाही. जी पाणी काढत होती तिलाच पाणी किती उरलंय ते दिसत होतं, आणि तीच ठरवत होती.

बोअरमध्ये जिवाणी कशी सोडणार? सहा इंचांचं भोक, वर झाकण, आत पाइप. तिथून फक्त घेता येतं.

आणि आता घरात काय चालतं बघा. नळाला आपण कापडाची पिशवी बांधतो, धर्म झाला. त्याच्याच शेजारी भिंतीवर आर.ओ.चं मशीन. एक तांब्या पाणी शुद्ध होईपर्यंत दोन-तीन तांबे मोरीत जातात, रोज, प्रत्येक घरात. ते पाणी बादलीत धरून फरशीला वापरणारी आमच्या बिल्डिंगमध्ये मी धरून चौघी. पाण्याच्या एका थेंबात असंख्य अपकाय जीव, हे आपण पाठशाळेतल्या पाच वर्षांच्या मुलांना शिकवतो. मग मोरीत जाणाऱ्या त्या तांब्यांचं काय?

सही मी दिली नाही. सेक्रेटरी भाऊंना म्हटलं, आधी हिशेब दाखवा. ते हसले. "काकू, पाण्याचा कसला हिशेब? नाही म्हणून तर खणायचंय." चांगले आहेत हो ते, रात्री-अपरात्री मोटार बिघडली तर तेच धावतात. पण या वाक्याचा मला राग आला. मुलाने येऊन सांगितलं, पैसे संपले, कर्ज काढायचंय, तर आपल्या घरातला कुठला बाप विचारणार नाही की गेले कुठे?

म्हणून हिशेब मीच काढला. आमची गच्चीवरची टाकी आतून चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद. म्हणजे तळ दहा चौरस मीटर. पाणी दहा सेंटीमीटर उतरलं की एक हजार लिटर गेलं, इतकं सोपं गणित. वॉचमनला एक वेळूची काठी दिली, त्यावर पट्टीने खुणा करून. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आणि मोटार लावायच्या आधी-नंतर मोजायचं. चार वेळा मी स्वतः गच्चीवर गेले, गुडघ्यांनी दोन दिवस बदला घेतला. निघालं ते असं, दिवसाला सरासरी साडेएकोणीस हजार लिटर. माणसं शहाण्णव, म्हणजे माणशी दोनशे तीन लिटर. शहराच्या पाण्याची योजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात. आपण सामायिकात बसणारी, सूर्यास्तानंतर न जेवणारी माणसं, दीडपट वापरतो.

खरा धक्का रात्रीचा होता. रात्री बारा ते पहाटे पाच, मोटार बंद, माणसं झोपलेली. तरी टाकी दहा सेंटीमीटर उतरायची. एक हजार लिटर! कोण वापरत होतं? कुणी नाही. फ्लशच्या टाक्या झिरपत होत्या, तोट्यांचे वायसर गेलेले होते. तासाला दोनशे लिटर, म्हणजे दिवसाला चार हजार आठशे. रोजच्या पाण्याचा चौथा हिस्सा कुणाच्याही उपयोगी न पडता गटारात. याला आपल्याकडे शब्द आहे, आठवं व्रत त्याचंच आहे. अनर्थदंड. ज्यातून कुणाचंच काही साधत नाही असं पाप.

आता जमेची बाजू. मलाही वाटत होतं की गच्चीचं पाणी जमिनीत सोडलं की झालं. नाही होत, मैत्रिणींनो. उगाच खोटी आशा दाखवणार नाही. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमची गच्ची साडेचारशे चौरस मीटर, आपल्या नगरचा पाऊस साडेपाचशे मिलीमीटर धरला तर अडीच लाखांच्या आत. वाफ, गळती जाऊन दोन लाख लिटर हाती. आमच्या आजच्या चालीने दहा दिवसांचं पाणी! पूर्ण प्लॉट दीड हजार चौरस मीटर, त्यावरचा थेंब न थेंब मुरला, जो कधीच मुरत नाही, तरी सव्वाआठ लाख. आणि वर्षाचा खर्च एक्काहत्तर लाख लिटर. त्यातला निम्मा मुळा धरणाच्या नळाने भागतो असं धरलं तरी बोअरमधून पस्तीस लाख जातं. आपल्या जमिनीवर पडलेल्यातून त्याचा चौथा हिस्साही भरून निघत नाही. बाकीचं कुणाचं? शेजाऱ्याचं. नाहीतर मागच्या कित्येक पावसांनी खाली साठवलेलं.

कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं, भांडवल आणि उत्पन्न वेगळं लिहा. आपल्या घरांत ते शिकवावं लागत नाही. व्याजावर जगा, मुद्दलाला हात लावू नका, हे आपल्या आजोबांनी पावकीबरोबर शिकवलं. बोअर सातशे फूट नेणं म्हणजे मुद्दलाला हात. आणि आपल्याकडचा खडक तर मुद्दल फार न ठेवणारा. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाली जावं तशा भेगा कमी होतात. एखादी लागली तर पाणी येतं, आणि तीत पाणी पुन्हा कधी भरेल ते कुणी सांगू शकत नाही. पाणाड्या नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवतो, तोही हे सांगत नाही.

जमीन आपली, म्हणून खालचं पाणी आपलं, असं मीटिंगमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं. ही समजूत इंग्रजांच्या १८८२ च्या कायद्यापासून रुजलीय. पण महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हणतो आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी, उद्योगासाठी अशा विहिरींना मनाई करतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फूटही नाहीत. घरगुती पाण्याला ती मनाई लागू नाही, हे मला माहीत आहे. पण शेतकऱ्याने दोनशे फुटांवर थांबावं आणि गाड्या धुणाऱ्याने सातशेपर्यंत जावं, हे मला पटत नाही.

शेजाऱ्याचं म्हटलं ना, तो शेजारी कोण ते सांगते. आमच्या भांड्याच्या मावशी मागच्या वस्तीत राहतात. तिथे एक हापसा आहे, तीस-पस्तीस घरांना. मावशी एकदा सहज बोलून गेल्या, "काकू, तुमची मोटार चालू असली की आमच्या हापशाला नुसती हवा येती." आमच्या बोअरमुळेच येते असं मी छातीठोक सांगू शकत नाही, आसपास बोअर पुष्कळ आहेत. पण मावशी आता आमची मोटार बंद व्हायची वेळ बघून रात्री अकराला हंडे भरतात आणि सकाळी सातला माझी भांडी घासायला येतात. वहीत चोवीस रकाने आहेत सह्यांचे. मावशींचा रकाना नाही.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, दान. उन्हाळ्यात आपण पाणपोई घालतो, संगमरवरावर नाव कोरतो. भारतीय जैन संघटनेने बुलढाणा जिल्ह्यात तलावांतला गाळ काढायला यंत्रं दिली, त्याचा मलाही अभिमान आहे, आमच्या घरूनही अशा कामांना पैसे जातात. पण देणं सोपं आहे, बायांनो. आपण घेतोय ते कमी करणं अवघड. पाणपोईतून मावशींना पेलाभर द्यायचं आणि मोटारीने हंडाभर ओढायचं, हा कुठला मेळ?

मग करायचं काय, असं विचाराल. लांब जाऊ नका. आपल्या शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर हिवरे बाजार आहे. सहली नेतो आपण तिथे, फोटो काढतो, झाडं बघतो. बघायचं असतं ते वेगळंच. पोपटराव पवारांच्या त्या गावात पाऊस संपला की ग्रामसभा बसते आणि पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. किती पडला, विहिरींत किती आहे, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागणार, ते बाजूला काढून उरलेल्यात कोणती पिकं. पाऊस कमी असेल तर पाणी खाणारी पिकं घ्यायची नाहीत. शेतीसाठी बोअर नाही. ऊस, केळी नाही. आणि हे गाव पर्जन्यछायेतलं, तिथे आपल्यापेक्षाही कमी पाऊस. ताळेबंद हा शब्द त्यांनी आपल्या वहीतला उचलला, आणि आपल्या वहीत पाण्याचं पानच नाही.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेळ. ते पावसाळा संपताच ठरवतात, हातात काय आहे ते दिसत असताना. आपण वैशाखात ठरवतो, घसा कोरडा असताना. तहानलेला माणूस खोल जायचंच ठरवणार, दुसरं त्याला सुचणार तरी काय? लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. टीव्हीवर बघून सगळे हळहळलो. पण रेल्वेच्या वाघिणीत पाणी भरण्याची वेळ आली तेव्हा ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे ठरवायचं ते आधीच्या दिवाळ्यांना ठरवायचं राहून गेलं होतं.

आणि दुसरी गोष्ट, ठरवायला कोण बसतं. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनिअरने १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावात पाणी पंचायत उभी केली. त्यांचा नियम ऐकून मी चकित झाले होते. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, माणसांच्या डोक्यांवर द्यायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. त्या नियमाने बघितलं तर आमच्या मीटिंगमध्ये मावशी बसायला हव्यात.

मावशींचं सोडा, आपण तरी बसतो का? आमच्या सोसायटीच्या मागच्या तीन मीटिंगांना एकही बाई नव्हती. मी पण नव्हते, रविवारी सकाळी दहा म्हणजे स्वयंपाकाची वेळ. घरात किती बादल्या लागतात, कुठली तोटी गळते, कुणाकडे पाहुणे आलेत, हे आपल्याला ठाऊक, आणि सातशे फुटांचा ठराव करतात ते, ज्यांना घरातला मुख्य कॉक कुठे आहे तेही माहीत नसतं. आमच्या यांना मी विचारलं, सही करताना काय बघितलंत? म्हणाले, आकडा बघितला, नऊ हजार, टँकरपेक्षा स्वस्त. (हो, आमची सही यांनी आधी तोंडी कबूल केली होती. त्यावरून घरात दोन दिवस मौन होतं, आणि ते व्रताचं नव्हतं.)

आपल्यातल्या कित्येक जणी रोज सकाळी चौदा नियम धारतात. द्रव्य इतकी, वस्त्रं इतकी, न्हाण इतकं. त्यालाच जोडून सहा कायांची मर्यादा, आणि त्यात अपकाय. आज मी इतकं पाणी वापरीन. म्हणजे पाण्याचं अंदाजपत्रक आपल्या धर्मात रोज सकाळी मांडायची सोय आहे. आपण काय करतो? "शंभर बादल्या" म्हणून मोकळ्या होतो, म्हणजे नियम मोडायला नको. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. आता दहा बादल्यांवर आलेय. पहिल्या आठवड्यात तीनदा मोडला. मिच्छामि दुक्कडं दिलं आणि दुसऱ्या दिवशी परत मोजलं.

चालू असलेलं सांगते. सात घरांनी मला आत येऊ दिलं. प्लंबर दोन दिवस लावला, वायसर, फ्लशचे फ्लोट, एक बॉलकॉक बदलला. खर्च सातही घरांचा मिळून एका फ्लॅटच्या नऊ हजारांच्या आत. रात्रीची उतार दहा सेंटीमीटरवरून चारवर आली. दिवसाला पावणेतीन हजारांहून जास्त लिटर वाचतंय, तेही फक्त सात घरांत. बाकीच्या सतरा घरांतल्या तीन भाभींनी "बघू" म्हटलंय, एकीने दार लावून घेतलं, तिच्या कोट्यातली कारंजी मला खिडकीतून दिसते ते तिला माहीत आहे.

परवा रविवारी दहाला मीटिंग आहे. माझे तीन मुद्दे कागदावर लिहून ठेवलेत. पहिला, गळती पूर्ण बंद होऊन एक महिन्याचं मोजमाप होईपर्यंत बोअरचा ठराव नको, तोवर लागले तर टँकर घेऊ, मी माझा वाटा आगाऊ भरते. दुसरा, प्रत्येक फ्लॅटला मीटर, आणि ठरावीक लिटरांच्या वर गेलं तर मेंटेनन्समध्ये जास्त. तिसरा, दरवर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी पाण्याची मीटिंग, घरातल्या बायकांसकट, आणि वस्तीतल्या दोघींना बोलावून. आपली वही तेव्हाच बदलते, नवं वीर संवत तेव्हाच लागतं, पाऊस तेव्हा संपलेला असतो. वेगळा मुहूर्त कशाला शोधायचा?

हरेन बहुतेक. एकोणीस सह्या आहेत. पण त्या एकोणीसपैकी अकरा घरांतल्या अकरा जणी हा लेख वाचतात हे मला माहीत आहे, आणि परवा स्वयंपाक थोडा आधी उरकला तर दहाला खाली येता येतं. मी साबुदाण्याचे पापड तळून आणते आहे.

तुमच्या सोसायटीत, वाड्यात, मळ्यात काय चाललंय ते कळवा. रात्री बाराला आणि पहाटे पाचला टाकीत काठी घालून आकडा पाठवलात तर फारच बरं. लोणचं पुढच्या वेळी नक्की.

जय जिनेंद्र.